पाटीवरचे साल म्हणजे इमारतीचे साल नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की नगरपरिषदा धोकादायक इमारतींची यादी लावतात. मग वर्तमानपत्रात पेठेतल्या एखाद्या माडीच्या दुकानाचा फोटो येतो आणि खाली ओळ असते, 'शंभर वर्षांची इमारत पाडणार'. ही शंभर वर्षे बहुतेक वेळा दुकानाच्या पाटीवरून आलेली असतात. पाटीवर 'स्थापना 1908' असते. पण ते साल पेढीचे. पेढी आधी दुसऱ्या गल्लीत असू शकते, तीन जागा बदलून इथे आलेली असू शकते. इमारत 1938 ची निघते, किंवा दर्शनी भाग 1938 चा आणि मागची वखार त्याच्याही दोन पिढ्या आधीची निघते. बार्शी, लातूर आणि मधल्या गावांच्या पेठांत हा घोटाळा सर्रास दिसतो. अशा इमारतीचे वय कसे काढायचे आणि ती नक्की कशामुळे खचते, हे सविस्तर लिहिण्यासाठी हे पत्र. थोडे लांबले आहे. कात्री लावायची झाल्यास कृपया कागदपत्रांच्या भागाला लावू नये.

या पट्ट्याची गोष्ट रेल्वेपासून धरावी लागते. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांची गाडी 1897 मध्ये आजच्या कुर्डुवाडीहून बार्शीला आली, 1911 मध्ये लातूरला पोचली आणि दुसऱ्या टोकाला 1927 मध्ये मिरजेला. बार्शीची पेठ त्याआधीपासून कापसासाठी आणि गळिताच्या धान्यासाठी नावाजलेली होती. पण लोखंडी गर्डर, मंगलोरी कौले, विलायती सिमेंटची पिंपे असला जड माल बैलगाडीने आणणे परवडत नसे. म्हणून या भागातल्या इमारतीत गर्डर किंवा मंगलोरी कौल मूळ जागी सापडले, तर ते बांधकाम बहुधा गाडी आल्यानंतरचे. त्याआधीचे बांधकाम म्हणजे घडीव दगडाचे जोते, वर पांढऱ्या मातीच्या भिंती, सागाचे किंवा बाभळीचे खांब, तुळया आणि वर माळवद, म्हणजे मातीचे सपाट छप्पर. कोकणाला हा नियम लावू नये. तिथे कौले गलबतांनी बंदरात उतरत, रेल्वेची वाट कोणी पाहिली नाही.

सुरुवात कागदांपासून करावी. भूमी अभिलेख कार्यालयातून मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) घेतात आणि तिच्यावरची सर्वांत जुनी तारीख म्हणजे इमारतीचा जन्म असे समजतात. ती तारीख नगर भूमापनाच्या चौकशीची असते. इमारत त्याआधी पन्नास वर्षे उभी असेल, किंवा त्या दिवशी तिथे नुसता उकिरडा असेल. म्हणून मिळकत पत्रिकेबरोबर चौकशी नोंदवहीचा उतारा, सनद आणि त्या वेळचा मोजणी नकाशा असे तिन्ही मागावे. नकाशावर बांधीव भाग वेगळा दाखवलेला असतो, आणि चौकशी नोंदवहीत धारकाने जागा कुणाकडून, केव्हा आणि कशाच्या आधारे मिळाली हे सांगितलेले असते. क्षेत्र चौरस मीटरमध्ये दिसले तर ते रूपांतर करून उतरवलेले आहे असे धरावे. जुनी मोजणी चौरस वारांत असे. एक चौरस वार म्हणजे 0.836 चौरस मीटर. हा हिशेब उलटा करून पाहिला की आकडा पूर्ण येतो का, त्यावरून नक्कल करताना झालेली चूकही सापडते.

दुसरा कागद नगरपरिषदेची कर आकारणी नोंदवही. चालू वर्षाचा उतारा उपयोगाचा नाही, मागच्या सगळ्या फेरआकारण्या मागायच्या. वार्षिक भाडेमूल्य वर्षानुवर्षे एकाच आकड्यावर असते आणि एका फेरआकारणीत एकदम दुप्पट होते. दोन फेरआकारण्यांमधल्या त्या काळात माडी चढली किंवा एका दुकानाचे दोन गाळे झाले असे बहुधा निघते. वर्णनाच्या रकान्यात 'माळवद' जाऊन 'पत्रे' किंवा 'स्लॅब' आले का तेही पाहावे. इथली मोठी अडचण घर क्रमांकांची. प्रत्येक मोठ्या फेरआकारणीत क्रमांक बदलतात आणि जुना क्रमांक नव्याशेजारी लिहिण्याची तसदी सगळ्याच कारकुनांनी घेतलेली नसते. एका रांगेतली चार-पाच घरे सलग धरून, धारकांची नावे जुळवत मागे जावे. एकट्या घराचा माग सुटतो, रांगेचा सुटत नाही.

तिसरा ठेवा दुय्यम निबंधक कार्यालयात. नोंदणी कायद्याप्रमाणे पुस्तक क्रमांक 1 (स्थावर मिळकतींच्या दस्तांची नोंदवही) आणि त्याची सूची कोणालाही फी भरून पाहता येते. सूची क्रमांक दोनमध्ये मिळकतीवरून शोध घेता येतो. ऑनलाइन शोधात जुने काही मिळत नाही, त्यासाठी बाडेच उघडावी लागतात. आणि इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण ती फारसे कोणी करत नाही. आपल्या इमारतीचे खरेदीखत सापडले नाही तर शेजाऱ्यांची खते काढावीत. प्रत्येक खतात चतुःसीमा असते. 1919 च्या शेजारच्या खतात 'दक्षिणेस अमक्याची मोकळी जागा' असे असेल आणि त्याच घराच्या 1931 च्या खतात 'दक्षिणेस अमक्याचे माडीचे दुकान' असे असेल, तर आपली इमारत त्या बारा वर्षांतली. दोन्ही बाजूंची खते मिळाली तर हा अवकाश आणखी आवळता येतो. स्वतःचे खत पुष्कळदा वाटणी, गहाण, बक्षीस यांत हरवलेले असते. शेजाऱ्याला मात्र आपली भिंत कुठे संपते ते नीट लिहून ठेवण्यात रस असतो.

सालाच्या बाबतीत या सरहद्दीवर विशेष जपावे लागते. बार्शी मुंबई इलाख्यात, लातूर निजामाच्या राज्यात. एकाच व्यापाऱ्याच्या कपाटात दोन्हीकडचे कागद निघतात. शके असेल तर 78 मिळवा. शके 1847 म्हणजे 1925-26. गुजराती-मारवाडी पेढीच्या वहीत विक्रम संवत असतो आणि तो दिवाळीनंतर बदलतो. त्यातून 57 वजा करा, संवत 1990 म्हणजे 1933-34. हैदराबाद राज्यातल्या कागदात फसली साल असते, त्यात 590 मिळवायचे. दगडावर '1342' कोरलेले पाहून कोणी चौदाव्या शतकातली इमारत जाहीर करू नये. ते फसली असेल तर साल 1932-33 निघते. रक्कम 'हाली' (निजामाचा रुपया) की 'कलदार' (इंग्रजी रुपया) हेही वाचावे. हाली सात रुपये म्हणजे कलदार सहा, असा साधारण हिशेब होता. मराठवाड्यातले खत उर्दूत आणि बार्शीकडचे जुने खत मोडीत असू शकते. दोन्ही वाचणारी माणसे वेगवेगळी लागतात.

स्टँप पेपरवर राजाचा चेहरा पाहून तारीख ठरवण्याची हौस असते. सातवा एडवर्ड 1901 ते 1910, पाचवा जॉर्ज 1910 ते 1936, हे खरे, पण व्हेंडरकडे जुना साठा पडून असायचा. कागदाच्या मागे व्हेंडरने विक्रीची तारीख आणि घेणाऱ्याचे नाव लिहिलेले असते, तीच धरावी. भाडेपावतीवर आणे-पै असतील तर ती सहसा 1 एप्रिल 1957 च्या आधीची, कारण त्या दिवशी नवे पैसे आले.

भाड्याचे खटले हा इतिहासाचा खजिना आहे, हे वकिलांनाही कधी कधी लक्षात येत नाही. बार्शीला मुंबईचा 1947 चा भाडे नियंत्रण कायदा लागू होता आणि त्यात प्रमाण भाड्याचा, म्हणजे कायद्याने मान्य भाड्याचा, आधार 1 सप्टेंबर 1940 हा दिवस होता. त्यामुळे प्रमाण भाड्याच्या वादात त्या दिवशी गाळा कोणाकडे होता, किती भाडे होते, ओटा आणि पोटमाळा भाड्यात होता का, हे साक्षीपुराव्यानिशी नोंदले गेले. लातूरला हैदराबादचा 1954 चा कायदा होता. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने हे सगळे एकत्र आणले, तो 31 मार्च 2000 पासून लागू झाला. मूळ खटल्याची फाइल नष्ट झालेली असली तरी पक्षकारांच्या घरी निकालपत्राची नक्कल असते. भाडे गोठले आणि दुरुस्तीला मालकाचा हात आखडला, हे त्याच निकालपत्रांतून ओळीओळीने दिसते.

आता इमारत. तिच्यावरची साले कागदांपेक्षा जास्त फसवतात.

सर्वांत जास्त फसवते मंगलोरी कौल. कौल उलटे केले की पाठीवर ठसा असतो: बासेल मिशन टाइल वर्क्स, 1865, मंगलोर. हे 1865 म्हणजे कारखाना निघाला ते साल. कौल केव्हा भाजले याच्याशी त्याचा संबंध नाही. पुढची कित्येक दशके तोच ठसा उमटत राहिला. मंगलोरच्या अल्बुकर्क कारखान्याच्या कौलांवरच्या 1868 चेही तेच. नावातून मात्र काहीतरी हाती लागते. पहिल्या महायुद्धानंतर बासेल मिशनचे कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले, तेव्हा 'कॉमनवेल्थ' ठशाचे कौल त्यानंतरचे. छपरावरून एक कौल काढून निष्कर्ष काढू नये. शंभर चौरस फुटांना साधारण दीडशे कौले लागतात आणि दर पावसाळ्याआधी फुटकी बदलतात. चारही बाजूंची आणि आढ्याजवळची मिळून किमान वीस-पंचवीस कौले पाहावीत. सर्वांत जुनी कौले बहुधा शेजारच्या भिंतीला लागून, जिथे माकडे आणि माणसे कमी पोचतात, तिथे टिकतात.

गर्डरवर पोटाच्या उभ्या पट्टीत उठावाची अक्षरे असतात. 'डॉरमन लाँग, इंग्लंड' सर्रास सापडतो. 'टाटा' असेल तर तो गर्डर 1912 च्या आधीचा असूच शकत नाही, कारण जमशेदपूरला पोलाद त्या साली निघू लागले. रंगाच्या थरांखाली अक्षरे बुजलेली असतात. तारेच्या ब्रशने खरवडू नये. बॅटरीचा झोत गर्डरला जवळजवळ चिकटवून आडवा टाकला की अक्षरांच्या सावल्या उमटतात. त्यावर पातळ कागद धरून मऊ पेन्सिलीची कांडी आडवी घासली की ठसा मिळतो. गर्डरऐवजी रुळाचा तुकडा तुळई म्हणून घातलेला असेल तर त्यावर कारखाना, साल आणि रेल्वे कंपनीची आद्याक्षरे असतात. ते साल रूळ कारखान्यात तयार झाल्याचे. मुख्य मार्गावर वीस-तीस वर्षे झिजून, मग भंगारात लिलाव होऊन तो पेठेत आला. '1885' च्या रुळावर उभी माडी 1915 ची असायला काहीच हरकत नाही. या सगळ्या खुणांतून एवढेच कळते की इमारतीचा तो भाग त्या सालाच्या आधीचा नाही.

दर्शनी गच्चीच्या कठड्यावर चुन्यात काढलेले साल, दोन सिंह, मध्ये 'श्री' किंवा उगवता सूर्य, हे फोटोत छान येते. पण पुष्कळ दुकानदारांनी जुन्या माळवदाच्या दुकानाला फक्त नवे तोंड लावले. तपासायचे कसे? दर्शनी भिंत आणि आडव्या भिंती यांचा सांधा पाहायचा. दगड-विटा एकमेकांत गुंतलेल्या असतील तर दोन्ही एका वेळच्या. सरळ उभी फट असेल आणि ती वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीची असेल, तर तोंड नंतरचे. खाली बारीक आणि वर रुंद असेल तर मात्र भिंत बाहेर झुकते आहे, आणि तो प्रश्न इतिहासाचा राहत नाही.

दुकानाच्या फळ्या अजून कुठे शिल्लक असतील तर त्या जपाव्यात. उंबऱ्यात आणि वरच्या चौकटीत खाच, एका टोकाला फळी आत सारायची जागा, आणि प्रत्येक फळीवर तासणीने कोरलेला आकडा. वर्षानुवर्षांच्या घासण्याने प्रत्येक फळी शेजारणीला जुळून झिजते, म्हणून क्रम चुकला की शेवटची फळी बसत नाही. आकडे 1 ते 14 असतील आणि आज दुकानाच्या तोंडाला नऊच फळ्यांची जागा असेल, तर पाच फळ्यांचे तोंड शेजारच्या गाळ्यात गेले. भाडेपट्टी नसली तरी वाटणीचा हा पुरावा आहे. शटर आले आणि फळ्या पोटमाळ्यावर गेल्या. कुठे त्यांचेच फडताळ झाले. आधी तिथे शोधाव्यात.

शटरने केवळ फळ्या घालवल्या नाहीत. इमारती खचण्याच्या कारणांत आम्ही पहिला क्रमांक याच कामाला देतो. फळ्यांच्या दुकानात दर्शनी खांब खणाखणावर, म्हणजे ठरावीक थोड्या अंतरावर, असतात. बारा फुटी शटर बसवायला मधला खांब काढतात, सहा फुटांसाठी घातलेली तुळई बारा फूट पेलायला लागते आणि पहिल्या दोन पावसाळ्यांतच माडीची जमीन मध्ये उतरते. वर माळवद असेल तर भाराचा विचार करा. एक फूट जाडीची कोरडी माती दर चौरस फुटाला सुमारे 45 किलो भरते. आठ बाय दहा फुटांच्या एका खणावर साडेतीन टन झाले, पावसात भिजली की आणखी वाढते. गळती थांबवायला दर वर्षी वर पांढरी माती टाकत गेले आणि खालची कधी काढली नाही, अशी दीड-दोन फुटांची माळवदे निघतात. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिव भागात लोकांनी घाबरून माती उतरवली आणि पत्रे घातले. त्यामुळे जुन्या मातीच्या भिंतींवर पत्रा दिसला की तो बहुतेक त्यानंतरचा. माती उतरवली ते ठीक, पण भिंतींना वरून दाबून धरणारा भार गेला आणि पत्र्याची कैची (छपराचा सांगाडा) भिंतीला नीट बांधली नाही, तर वाऱ्याने भिंतीचा माथा हलतो. तिथे आडवा लाकडी किंवा काँक्रीटचा पट्टा लागतो.

दुसरे कारण रस्ता. प्रत्येक डांबरीकरणात, मग काँक्रीटीकरणात रस्ता चार-सहा इंच वर येतो, जुना थर खरवडला जात नाही. तीन पायऱ्यांचा ओटा एका पायरीचा होतो, पुढे दुकानच रस्त्याखाली जाते. पाणी जोत्यात मुरते, मातीची भिंत खालच्या दोन फुटांत मऊ पडते. मग मालक काय करतो? त्या दोन फुटांवर सिमेंटचा गिलावा. ओल बाहेर पडायची वाट बंद होते, ती आतून वर चढते आणि भिंतीत रुतलेली तुळईची टोके कुजवते. बाहेरून भिंत ठणठणीत दिसते. टोकाजवळ टोच्याने दाबून पाहावे. अर्धा इंच सहज आत गेला तर तिथे लाकूड उरलेले नाही. अशा भिंतीला चुन्याचाच गिलावा, एक भाग चुना आणि दोन-अडीच भाग चाळलेली वाळू, दोन थरांत, आणि आधी रस्त्याकडचे पाणी गटारात वळवणे. उलट क्रमाने केले तर चुनाही वर्षभरात सुटतो.

आता नोटिशीबद्दल. नगरपरिषद अधिनियम 1965 च्या कलम 195 प्रमाणे धोकादायक बांधकामाची नोटीस येते. इमारत जुनी आहे म्हणून ती आपोआप धोकादायक ठरत नाही. कोणता भाग, कशामुळे, हे विचारावे. नोटीस संपूर्ण इमारतीला असते, खचलेला असतो बहुधा मागच्या मोरीजवळचा एक कोपरा. भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना प्लॅस्टरने चिकटवून तिच्याशेजारी तारीख लिहावी. पट्टी फुटली तर भेग जिवंत आहे. दोन-तीन महिने शाबूत राहिली तर भेग जुनी, थांबलेली. तपासणीचा अहवाल झालाच असेल तर माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर त्याची प्रत मागता येते, उत्तराची मुदत तीस दिवस. अहवालच नाही असे उत्तर आले तर तेही लेखी हाती असावे.

आणि पाडावीच लागली तर? आधी मोजणी व्हावी. दोन माणसे, तीस मीटरची टेप, एक दिवस पुरतो. प्रत्येक खोलीच्या चार बाजूंबरोबर दोन्ही कर्ण मोजावेत, कारण पेठेतल्या खोल्या काटकोनात नसतात आणि कर्णाशिवाय नकाशा कागदावर जुळत नाही. तो 1:50 प्रमाणात काढावा, खणांची संख्या आणि खांबांच्या जागा दाखवाव्यात, प्रत्येक फोटोत मोजपट्टी ठेवावी. नोंदीची एक प्रत नगर वाचनालयात आणि एक गावाबाहेर ठेवावी. 22 जुलै 2021 च्या पुरात चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरले तेव्हा वाचनालयातली ग्रंथसंपदाही भिजली. तळमजल्यावरच्या लोखंडी कपाटाने कागद वाचत नाहीत.

हे तपासणीचे आणि मोजणीचे काम माघ-फाल्गुनात करावे. वैशाखात कौले चाळायला गडी मिळत नाहीत, आणि ज्येष्ठात नोटीस आली की मालक कुलूप लावून निघून जातो.

आपले नम्र,
पेठेतील जुन्या बांधकामांची नोंद ठेवणारे काही नागरिक, बार्शी